साहेबांना उशीर झाला, माझी बाही पूर्ण झाली

आज रविवार. आठवडाभराचा हिशेब मांडायला बसलेय. बातम्यांचा नाही, तो ऑफिसवाले ठेवतात, आणि कमीच ठेवतात. हा हिशेब लोकरीचा आहे.

गेल्या सोमवारी सकाळी माझ्या पिशवीत एक हिरवा स्वेटर होता. पाठ झालेली, पुढचे दोन्ही भाग झालेले, गळा झालेला, बाही मात्र एकच. काल शनिवारी रात्री दुसरी बाही जोडून झाली. मधल्या सहा दिवसांत घरी निवांत खुर्चीत बसून मी किती ओळी विणल्या? एकही नाही. अख्खी बाही दुसऱ्यांच्या उशिरात विणलीय. कुठे साहेब आले नव्हते, कुठे एसटी आली नव्हती, कुठे सभेला माणसं जमली नव्हती. मोबाइलवर वेळ लिहून ठेवत होते. सगळा मिळून सात तास चाळीस मिनिटं उशीर. त्यात एका मोठ्या माणसाची पूर्ण बाही होते, बॉर्डरसकट.

काही जण म्हणतील, ताईंना आता बातम्या मिळेनात म्हणून विणकामावर लिहायला लागल्या. थांबा जरा. शेवटी गोष्ट तुमच्या-माझ्या वेळेवरच येणार आहे.

विणकाम मी शाळेत शिकले. कार्यानुभवाच्या तासाला मुलांना कुंड्या रंगवायला द्यायचे आणि आम्हाला सुया. चार सुलट, चार उलट. तेव्हा कंटाळा यायचा. पुढे बारावी, कॉलेज, मग जर्नालिझमचा डिप्लोमा, लग्न, मुलगी, आणि ही नोकरी. नोकरी म्हणायची आपली पद्धत, तालुक्याच्या बातमीदाराला काय मिळतं ते इथल्या बऱ्याच जणांना माहीत आहे. या सगळ्यात सुया माळ्यावर गेल्या. डिप्लोमाला असताना आमच्या सरांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, बातमीदाराला वाट बघता आली पाहिजे. कशी बघायची ते मात्र शिकवलं नाही. सोबतचे पुरुष पत्रकार तंबाखू मळतात, चहाच्या टपरीवर जातात, गाडीच्या बॉनेटला टेकून राजकारण बोलतात. मला टपरीवर तासन् तास उभं राहता येत नाही. कुणी अडवत नाही, पण बघणारे बघतात. मग मी काय करायची? मोबाइल. अर्धा तास मोबाइल बघितला की डोकं भणभणतं आणि हातात काहीच उरत नाही. तीन वर्षांपूर्वी माळा आवरताना सुया सापडल्या, त्या दिवसापासून कॅमेऱ्याच्या पिशवीत लोकरीचा गुंडा असतो.

पहिल्यांदा पत्रकार परिषदेत सुया काढल्या तेव्हा एक जुने सहकारी म्हणाले, "ताई, पत्रकाराच्या हातात पेन शोभतं." मी म्हटलं, "दादा, पेन काढते की. बोलणारा माणूस येऊ द्या." हसले. अजूनही अधूनमधून कुणीतरी विचारतं, "घरी वेळ मिळत नाही वाटतं?" हा प्रश्न टोमणा म्हणून विचारतात, पण उत्तर खरंच नाही असं आहे. घरी वेळ मिळत नाही.

केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाची वेळवापर पाहणी आहे, २०२४ ची. घरातलं बिनपगारी काम, म्हणजे स्वयंपाक, धुणं, झाडलोट वगैरे करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी २८९ मिनिटं त्यात घालवतात. पुरुष ८८ मिनिटं. बरं, ही ८८ मिनिटं जे पुरुष घरात हात लावतात त्यांची. असे पुरुष चारांतला जेमतेम एक. २०१९ च्या पाहणीत बायकांची मिनिटं २९९ होती. पाच वर्षांत दहा मिनिटं वाचली. मुलांचं, म्हाताऱ्यांचं बघणं यात धरलेलंच नाही, ते वेगळं मोजतात.

आता थंडी आली की व्हॉट्सअ‍ॅपवर सुविचार येतात. स्वतःसाठी वेळ काढा, छोट्या क्षणांत आनंद शोधा, गरम चहाचा कप आणि खिडकीतलं धुकं. फोटो छान असतो. तो चहा कुणी केला आणि नंतर कप कोण विसळणार, ते फोटोत दिसत नाही. वेळ काय फडताळात ठेवलेला असतो का काढायला? एकाने काढला तर तो दुसऱ्याच्या वाटचा असतो. मी सकाळी आठला घर सोडते तेव्हा सासूबाई भाजी निवडत असतात. बाहत्तर वर्षांच्या आहेत. म्हणजे माझ्या पत्रकारितेतली निदान पाऊण तासाची पत्रकारिता सासूबाईंची आहे. नवऱ्याला हे वाचून राग येईल, येऊ दे. तो दळण आणतो, गाडीत पेट्रोल टाकून देतो, आणि हे दोन्ही केल्याचं सांगतोही. सासूबाई भाजी निवडल्याचं कधी सांगत नाहीत.

तर सोमवार.

रेशनच्या ई-केवायसीच्या तक्रारी बऱ्याच आल्या होत्या म्हणून तहसील कचेरीत पुरवठा विभागात गेले. साहेबांची व्हीसी चालू होती. आता व्हीसी हा शब्द खेड्यातल्या म्हातारीलासुद्धा माहीत झालाय. कधी संपेल ते शिपायालाही माहीत नसतं. जिन्यात पंधरा-वीस बायका बसल्या होत्या. बाकड्यावर दोन माणसं आडवी पसरलेली, त्यामुळे बायका जिन्यातच. मीही तिथेच बसले, सुया काढल्या. दोन ओळी झाल्यावर बोलण्याच्या नादात एक टाका सुटला आणि खाली पाच-सहा ओळी उसवत गेला. शेजारच्या आजी बघत होत्या. म्हणाल्या, "आण हिकडं." आणि डोक्यातला आकडा काढून त्यांनी तो टाका एकेक पायरी चढवत वर आणला. मला क्रोशाची सुई घेऊनही इतकं सफाईनं जमत नाही.

मी विचारलं, कुठे शिकलात? मुलींच्या वसतिगृहात वीस वर्षं स्वयंपाकाला होत्या. तिथल्या पोरी विणायच्या, बघून बघून आलं. आणि कचेरीत कशासाठी? तर अंगठा उमटत नाही. रेशन दुकानातल्या मशीनवर चार वेळा प्रयत्न केला, दुकानदारानं इकडे धाडलं. त्यांनी मला दहाही बोटं दाखवली. वीस वर्षं राखेनं आणि पावडरीनं मोठी पातेली घासून बोटांवरच्या रेघा पुसल्यात. गुळगुळीत, नदीतल्या गोट्यासारखी बोटं. मशीनला ती बाई ओळखता येत नाही. सुटलेला टाका त्या बोटांना अंधाऱ्या जिन्यातही सापडला.

ती बातमी मी केली, छापूनही आली, आतल्या पानावर. मशीनला बोट लागत नसेल तर डोळ्यांवरून, चेहऱ्यावरून ओळख पटवायची सोय आहे, ती दुकानदारानं सांगायला हवी होती, असं अधिकाऱ्यांचं म्हणणं. बरोबर आहे. सांगायला हवी होती. मला ते सांगण्यासाठी त्यांना दोन मिनिटं लागली आणि त्या दोन मिनिटांसाठी आजी पावणेदोन तास जिन्यात बसल्या. त्या दिवशीची त्यांची मजुरी गेली, कारण आता त्या दोन घरी भांडी घासतात आणि एका घरची खाडा धरते.

आपल्याकडे लोकसेवा हक्काचा कायदा आहे, २०१५ पासून. कोणता दाखला किती दिवसांत द्यायचा हे त्यात बांधून दिलेलं आहे, चांगली गोष्ट आहे. पण त्या दाखल्यासाठी बाईनं जिन्यात किती तास बसायचं, याचा हिशेब कुणी धरत नाही. दिवस मोजतात. तास आपले धरायचे नसतात, ते फुकट असतात.

मंगळवारी ६ जानेवारी, पत्रकार दिन. १८३२ साली याच तारखेला बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' सुरू केलं, म्हणून हा दिवस. जांभेकरांचं वय तेव्हा विशीच्या आसपास होतं. आमच्या तालुक्यात हा दिवस म्हणजे सत्काराचा दिवस. पेन, डायरी, गुलाबाचं फूल, शाल. गेल्या पंधरा वर्षांत मला इतक्या शाली मिळाल्यात की एक पेटी भरलीय. आणि एकही शाल थंडीत अंगावर घ्यायच्या कामाची नाही. पातळ, चमकदार, जरीची टोचणारी. ऊब येऊ नये याची काळजी घेऊनच बनवतात की काय कोण जाणे. सासूबाई म्हणतात, फडताळाला पडदे कर.

कार्यक्रम अकराचा होता. जिल्ह्यातले एक मोठे नेते येणार होते, नाव महत्त्वाचं नाही, कुठलंही घाला, चालेल. मंडपात पाचशे माणसं. पुढच्या तीन रांगा रिकाम्या, राखीव. मागे दोन शाळांची पोरं उन्हात बसवलेली, स्वागतगीतासाठी. आमच्याकडे जानेवारीत सकाळी हुडहुडी आणि बाराला डोकं तापतं. पोरांनी सकाळी स्वेटर घातलेले, ते आता कमरेला बांधलेले. बाया होत्या, बचत गटाच्या, त्यांना हजेरी होती. साहेब निघालेत, साहेब रस्त्यात आहेत, साहेब रेस्ट हाऊसवर थांबलेत, असं माइकवरून येत होतं. मी सव्वाअकराला सुया काढल्या. दीडला साहेब आले. कोपरापासून खांद्यापर्यंतची जवळजवळ सगळी बाही मी त्या मंडपात विणली. वर जाताना दर सहाव्या ओळीला दोन्ही कडांना एकेक टाका वाढवायचा असतो. निवेदकानं "अवघ्या काही क्षणांत" म्हटलं की मी टाका वाढवायचे. गंमत म्हणून सुरू केलं, पण शेवटी ते बरोबर जमेना, तो फार वेळा म्हणत होता.

मग माझाही सत्कार झाला. सुया घाईनं पिशवीत कोंबल्या आणि शाल घ्यायला गेले. साहेब हसून म्हणाले, "काय, बऱ्या आहात ना?" भाषणात म्हणाले, शेतकऱ्याला दिवसा वीज दिल्याशिवाय आम्ही स्वस्थ बसणार नाही.

इथे मला सांगायला हवं की तो स्वेटर कुणासाठी आहे.

माझा धाकटा भाऊ शेती करतो. साडेचार एकर. दीड एकर ज्वारी, तिला पाणी फारसं लागत नाही, मालदांडी आहे, थंडी आणि दवावर येते. पण गहू आणि कांदा आहे, त्यांना पाणी द्यावंच लागतं. त्याच्याकडे शेतीची वीज आठवड्यातले काही दिवस दिवसा असते आणि काही दिवस रात्रीची. रात्रीची म्हणजे कधी बारा, कधी एक. पारा बाराच्या खाली, अंगात शर्ट, डोक्याला टॉवेल, पायात काही नाही, आणि घोट्याएवढ्या पाण्यात उभं राहून दारं मोडायची. बॅटरी तोंडात धरायची, कारण दोन्ही हात फावड्याला. साप आहेत, रानडुकरं आहेत, आता बिबट्याच्या बातम्याही आपल्याकडून येतात. दिवसा विजेसाठी सौर वाहिन्यांची योजना आली, काही भागांत दिवसा वीज मिळायला लागली, त्याची बातमी मीच दिलीय आणि चांगलं लिहून दिलीय. भावाच्या भागात अजून नाही.

गेल्या जानेवारीत त्याला न्यूमोनिया झाला. आठ दिवस दवाखान्यात होता. मी बघायला गेले तेव्हा म्हणाला, "आक्का, छातीत गार पाणी भरल्यासारखं होतंय." बाजारचा स्वेटर त्याच्याकडे आहे. तो नुसताच दिसायला जाड, ओला झाला की वाळत नाही. म्हणून मी चार पदरी लोकर आणली आणि ठरवलं की पुढच्या थंडीच्या आत याला एक नीट स्वेटर करायचा. घट्ट विणीचा, गळा वर चढणारा. पुढची थंडी आली आणि निम्मी संपत आली. सुरुवात गणपतीत केली होती.

तर त्या दिवशी मंडपात मी रात्री पाणी देणाऱ्या माणसाची बाही विणत होते, आणि ती विणायला मला वेळ दिला दिवसा वीज देणार म्हणणाऱ्या साहेबांनी. साहेबांचे आभारच मानायला पाहिजेत.

विनोद सोडा. माझं म्हणणं काय आहे ते सरळ सांगते. आपल्या गावात कोण कुणासाठी थांबतं ते एकदा बघा. शिपायासाठी म्हातारी थांबते, साहेबांसाठी शिपाई थांबतो, नेत्यांसाठी साहेब थांबतात. म्हातारीसाठी कुणी थांबलेलं मी वीस वर्षांच्या पत्रकारितेत पाहिलेलं नाही. ती पाच मिनिटं उशिरा आली तर खिडकी बंद झालेली असते. नेत्यांचे एका दिवसात सात-आठ कार्यक्रम असतात, रस्ते खराब असतात, लोक वाटेत गाडी थांबवून निवेदनं देतात, हे मला मान्य आहे. लोकांना भेटतात म्हणून उशीर होतो हेही खरं. पण मग सात कार्यक्रम घ्यायला कुणी सांगितलं? चार घ्या. आणि अकराला येणार नाही हे संयोजकांना आदल्या रात्रीच ठाऊक असतं. तरी पत्रिकेवर अकरा छापतात, कारण मंडप भरलेला दिसला पाहिजे. पाचशे माणसांचे अडीच अडीच तास. साडेबाराशे तास होतात. एवढे पैसे कुणी घेतले असते तर आपण पहिल्या पानावर बातमी केली असती.

आणि इथे मी स्वतःवर येते. ही बातमी आम्ही कधीच केलेली नाही. वीस वर्षांत मी किती कार्यक्रमांच्या बातम्या दिल्या असतील? त्यातल्या एकाही बातमीत कार्यक्रम किती उशिरा सुरू झाला हे नाही. "मोठ्या उत्साहात पार पडला" हे आहे. "नागरिक बहुसंख्येने उपस्थित होते" हे आहे. ते बहुसंख्येने उपाशी होते हे नाही. मंगळवारी मी पहिल्यांदा बातमीच्या दुसऱ्या परिच्छेदात लिहिलं, "सकाळी ११ वाजता नियोजित असलेला कार्यक्रम दुपारी १.३० वाजता सुरू झाला. विद्यार्थी अडीच तास उन्हात बसून होते." दोन वाक्यं. बुधवारी पेपर उघडला तर दोन्ही गायब. फोन केला. म्हणाले, जागा नव्हती. खाली माझी सत्कार स्वीकारतानाची बातमी होती, फोटोसकट. त्याला जागा होती. शिवाय साहेबांचा वाढदिवस जवळ आलाय, पुरवणी निघणार आहे, जाहिराती मलाच गोळा करायच्या आहेत. हे सगळं मला कळतं. म्हणूनच इथे लिहितेय, इथे जागेची अडचण नाही.

बुधवारी जिल्ह्याच्या गावाला जायचं होतं. एसटी एक तास दहा मिनिटं उशिरा. २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यानं फार फरक पडलाय, मी रोज बघते. बायका एकट्या माहेरी जायला लागल्या, दवाखान्यात जायला लागल्या, उगाच बहिणीकडे चक्कर मारायला लागल्या. चांगलंच झालं. तिकीट निम्मं झालं, वाट बघणं मात्र पूर्णच राहिलं. आमच्या स्टँडवर बसायच्या जागेपेक्षा बसणाऱ्या बायका तिप्पट असतात. लेकुरवाळीसाठी हिरकणी कक्ष आहे, त्याला कुलूप असतं आणि किल्ली ज्यांच्याकडे असते ते दुपारपाळीला असतात.

पण त्या दिवशी मी विणलं नाही. स्टँडबाहेर एक बाई हरभऱ्याचे डहाळे घेऊन बसली होती. दहा रुपयांना एक पेंढी. पाल्याला अजून आंब होती, म्हणजे पहाटेच उपटून आणलेले. एक पेंढी घेतली आणि घाटे सोलत बसले. बोटं चिकट, आंबट, लोकरीला हात लावायची सोय नाही. शेजारी एक कॉलेजची मुलगी होती, तिला निम्मे दिले. ती म्हणाली, आमच्याकडे भाजून खातात. मी म्हटलं, आमच्याकडेही भाजतात, पण घरापर्यंत उरतात कुठे? एसटी आली तेव्हा दोघींच्या पायाखाली टरफलांचा ढीग होता. त्या दिवशी बाही वीत-सव्वावीत कमी झाली असेल. झाली तर झाली.

थंडीचं हेच आहे बघा. आमच्या भागाला पावसाळा नीट मिळत नाही, उन्हाळा नको तेवढा मिळतो, पण मार्गशीर्षापासून माघापर्यंत देव हात सैल सोडतो. बोरं, पेरू, गाजरं, पावटा, ओला हरभरा, वांगी. भोगीची भाजी एरवी करून बघा, ती चव येत नाही. पहाटे रानातून धुकं उठतं आणि ज्वारीची कणसं ओली दिसतात. हे सगळं दोन-अडीच महिन्यांत येतं आणि जातं. वर्षभर साठवता येत नाही. आणि नेमक्या याच दिवसांत आपला सगळ्यांचा कामाचा जोर. साखर कारखाने चालू, शाळांची स्नेहसंमेलनं, लग्नं, जत्रा, मार्च अखेरीची धावपळ सुरू व्हायच्या बेतात. जिच्यासाठी भाजीचा हा सगळा बाजार भरलाय, ती बाई बाजारात पिशवी भरते आणि पळते. निवडायला, सोलायला बसते तेव्हा रात्रीचे नऊ वाजलेले असतात. हंगामाचा आनंद तिच्या वाट्याला सोलायच्या कामाच्या रूपानं येतो. तरी सोलता सोलता चार दाणे तोंडात टाकते, ते कुणी बघत नाही.

गुरुवारी नगरपालिकेची सभा. बरीच वर्षं प्रशासक होते, आता नवे नगरसेवक निवडून आलेत, नवी जाकिटं आलीत. दीड तास उशिरा सुरू झाली. मी मागच्या खुर्चीत विणत होते. पलीकडे एका नव्या नगरसेविकाबाई, पहिल्यांदाच निवडून आलेल्या, हळूच येऊन माझ्या शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "मला पण येतं हे. आता कसं चालेल?" मी म्हटलं, "का नाही चालणार?" त्या हसल्या, समोर बसलेल्या आपल्या यजमानांकडे बघितलं आणि परत जागेवर गेल्या. निवडून आल्यात त्या, खुर्चीत आधी बसले होते यजमान.

त्या बाईंना मी नंतर एक गोष्ट सुचवली, इथे सगळ्यांसमोर लिहिते. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत आता हळदीकुंकवाचे कार्यक्रम होतील. मोठमोठे मंडप, लकी ड्रॉ, पैठणी, प्लॅस्टिकचे डबे वाण म्हणून. होऊ द्या. बायका घराबाहेर पडतात, हसतात, मला त्यात वाईट दिसत नाही. पण पुढचं वर्षभर या बायकांनी बसायचं कुठे? आपली बाग संध्याकाळी सहाला बंद होते, जेव्हा बाई जरा मोकळी होऊ शकते तेव्हाच. तिथली बाकडी दोन वर्षांपूर्वी दुरुस्तीला गेली, अजून दुरुस्त होतायत. वाचनालयात बायकांसाठी वेगळा कोपरा होता, तिथे आता कपाटं आहेत. मला एवढंच हवंय: बाग साडेआठपर्यंत उघडी ठेवा, दिवे लावा, पंधरा बाकडी टाका, एक स्वच्छ मुतारी ठेवा. एका हळदीकुंकवाच्या मंडपाच्या खर्चात बाकडी तरी नक्की होतील. वाण म्हणून हे द्या. तिथे कुणी विणेल, कुणी शेंगा सोलेल, कुणी नुसती बसेल. नुसतं बसलेल्या बाईला "काय करताय?" असं विचारायचं नाही, एवढीच अट.

शुक्रवारी अपघात झाला हायवेवर. त्या दिवशी कुणी उशीर केला नाही, सगळे धावत होते, पिशवी उघडलीच नाही. त्यावर जास्त लिहीत नाही. शनिवारी एका बैठकीत पाऊण तास मिळाला, तेवढ्यात खांद्याचा उतार काढून टाके बंद केले. रात्री साडेदहाला भांडी झाल्यावर बाही जोडायला बसले. मुलगी म्हणाली, मी दिवा धरते. आमच्याकडे नेमके तेव्हाच दिवे गेले होते.

आज सकाळी भावाकडे गेलो सगळे. हुरडा होता. त्यानं बांधालगत थोडी सुरती ज्वारी हुरड्यासाठी वेगळी लावलीय. गोवऱ्यांची आगटी केली, कणसं भाजून तो हातावर चोळून देत होता, भावजयीनं जवसाची चटणी आणि दही आणलं होतं. सासूबाईंना आज भाजी निवडायला लागली नाही, त्या आगटीजवळ पाय पसरून बसल्या होत्या आणि कुणालाही उठू देत नव्हत्या.

भावानं स्वेटर घातला. हात वर करून बघितला, खाली करून बघितला. म्हणाला, "आक्का, उजवी बाही लांब झालीय गं."

खरंच दोन बोटं लांब आहे. मंडपात मोजायचं राहूनच गेलं, नुसती विणत गेले.

मी म्हटलं, दे, उसवून नीट करून देते. तर म्हणाला, राहू दे, दुमडतो. आज रात्री एकची लाइट आहे.

उद्या अकराला पंचायत समितीत बैठक आहे. पत्रिकेवर अकरा आहे. उरलेली लोकर पिशवीत टाकलीय, पायमोजे होतील.